बेळगावला निघण्याआधी: नवा बूट, पॉलिश आणि पाय

प्रश्न थोडक्यात असा. खटाव तालुक्यातल्या एका पोराची अग्निवीर म्हणून निवड झालीय. सहा आठवड्यांनी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला हजर व्हायचंय. अकॅडमीतल्या बाकीच्यांचं बघून त्यानं साताऱ्यातून काळे उंच बूट घेतले, ते टाचेला चावतायत. मित्र म्हणतो रात्रभर पाण्यात भिजव आणि पायातच वाळव. आजोबा म्हणतात गोडेतेल लाव. मोबाइलवर कुणीतरी पॉलिशच्या डबीला काडी लावताना दिसलं. ‘मेजर, यातलं काय करू? आरशासारखी चमक कशी आणू? आणि हे बूट बेळगावला न्यायचे का?’

बाळा, ट्रेनिंगमध्ये तू जे बूट घालणार, ते तुला सेंटरमध्येच मिळतील. क्यूएम स्टोअरमधून, म्हणजे क्वार्टरमास्टरच्या कोठारातून, किट इश्यू होतं त्यात बूट, पीटी शूज, मोजे असतात. म्हणजे आता खपून जो बूट तू मऊ करशील, तोच पुढं पायात राहील याची खात्री नाही. तरी हे सहा आठवडे फुकट जाणार नाहीत. बूट बदलला तरी पाय तुझेच राहणार आणि पॉलिशचा हातही तुझाच. विकत घेतलेला जोड सरावाचा समज, आणि मेहनत पायावर आणि हातावर कर.

पहिल्यांदा बूट चामड्याचा आहे का ते बघ. बाजारात ‘मिलिटरी बूट’ म्हणून जे मिळतात त्यातले बरेच रेक्झिनचे असतात. जिभेची किंवा वरच्या काठाची जिथं कापलेली कड उघडी दिसते तिथं निरखून बघ. चामडं असेल तर कडेला बारीक तंतू दिसतात, रेक्झिन असेल तर वर प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि खाली विणलेलं कापड. रेक्झिन कधीच पायाचा आकार घेत नाही. महिनाभर घातलास तरी पहिल्या दिवसासारखंच चावणार आणि आत घाम साचणार. तसा निघाला तर त्याला मऊ करायच्या नादाला लागू नको. पॉलिशचा हात बसवण्यापुरता ठेव आणि चालायला दुसरा जोड बघ, कुणा फौजीचा मापाचा जुना मिळाला तरी चालेल.

मग माप. दिवसभरात पाय थोडा फुगतो, म्हणून बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून बघायचा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आपल्याकडे दुकानात सपाट फरशीवर दोन पावलं टाकून बूट घेतात आणि तिथंच फसतात. खरी परीक्षा उताराला होते. अजिंक्यताऱ्याच्या डांबरी रस्त्यानं वर जा आणि भरभर खाली ये. उतरताना बोटं पुढं टोकाला ठोकली तर एक तर बूट लहान आहे, नाही तर नाड्या ढिल्या आहेत. असंच चालत राहिलास तर नख काळं पडतं, मग सुटतं. चढावर टाच आतल्या आत वर-खाली होत असेल तर बूट मोठा आहे किंवा वरची नाडी सैल आहे. टाच चावायचं कारण निम्म्या वेळा हेच असतं, चामडं कडक असण्याचा तिथं संबंध नसतो. म्हणून आधी बांधणी सुधार. पंजावर मध्यम, घोट्याच्या वळणावर घट्ट, आणि त्याच्या वर पुन्हा थोडी सैल, म्हणजे नडगीचा स्नायू आवळला जात नाही. बांधण्याआधी टाच जमिनीवर एकदा आपटून मागं बसवायची आणि मगच नाडी ओढायची. एवढ्यानं अर्ध्या पोरांची तक्रार थांबते.

आता मित्राचा पाण्याचा सल्ला आणि आजोबांचा तेलाचा. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आपल्या जिल्ह्यात आहेत. पिढ्यान् पिढ्या घरटी पलटणीत गेलेली माणसं, सल्ल्याला तोटा नाही. पण तो सल्ला त्यांच्या काळच्या बुटाचा असतो. जुना ॲम्युनिशन बूट म्हणजे जाड चामडं, चामड्याचाच शिवलेला तळ, खाली ठोकलेले खिळे आणि टाचेला नाल. असा बूट पाण्यात भिजवून पायात वाळवला की आतला चामड्याचा तळ पायाच्या आकारात बसायचा. आताच्या फौजी डीव्हीएस (डायरेक्ट व्हल्कनाइज्ड सोल) बुटाचा तळ रबराचा, तो साच्यात घालून उष्णतेनं थेट वरच्या चामड्याला जोडलेला. त्याला भिजवून आकार घेईल असा चामड्याचा तळच नाही. बाजारातल्या नकली जोडाचा तळ नुसत्या सोल्युशननं चिकटवलेला असतो, तो भिजला की पुढून तोंड उघडतो. भिजलेलं चामडं वाळताना आकसतं आणि कडक होतं, म्हणजे जे नको तेच होतं. वर ओल्या बुटात तासन् तास चाललास तर कातडी पांढरी, फुगीर आणि मऊ पडते, आणि तशी कातडी लगेच सोलवटते.

तेलाची गोष्ट जरा वेगळी, कारण आजोबा अगदीच चुकीचं सांगत नाहीयेत. नवी कोल्हापुरी चप्पल चावते तेव्हा आपण तेल लावतोच, आणि ती मऊ पडते. ते चामडं बाभळीची साल, हिरडा असल्या झाडपाल्यावर कमावलेलं असतं, तेल पितं. (त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्यात कोल्हापूरबरोबर सातारा, सांगली, सोलापूरही आहेत, हे पोरांना माहीत नसतं.) बुटाचं वरचं चामडं मात्र बहुतेक वेळा क्रोमवर कमावलेलं असतं. त्यावर गोडेतेल किंवा खोबरेल ओतलं तर ते लोळागोळा होतं, घोट्याला आधार देत नाही, वास मारतं, धूळ धरतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यावर मेण बसत नाही. तेल प्यालेल्या टोकावर चमक आणायला बसलास तर रात्र संपेल, बुटावर काही दिसणार नाही. टाचेच्या आतला काठ फारच कडक असेल तर तेवढ्या जागी आतून बोटानं किंचित व्हॅसलीन चोळ आणि अंगठ्यानं ती कड दोन्ही बाजूंना वाकवत राहा. बाकी बुटाला पॉलिशमधलं मेण पुरतं.

बूट मऊ होतो तो चालण्यानं. सुरुवातीला घरातच, मोजे घालून, तासभर. उठबस कर, जिना चढ-उतर, चवड्यावर उभा राहा, म्हणजे पंजाच्या मागं जिथं बूट वाकतो तिथं घडी पडते. ही घडी तुझ्या पायाच्या वाकण्याच्या जागीच पडायला हवी, म्हणून नाड्या कायम पूर्ण बांधून. मग आठवडाभर सपाटीवर, गावच्या रस्त्यानं. नंतर चढ-उतार. साताऱ्यात असशील तर यवतेश्वरचा घाट, खटावकडं असशील तर एखादी टेकडी कुठंही सापडेल. रोज घालू नको, एक दिवस आड घाल. बूट आतून पूर्ण वाळायला तेवढा वेळ लागतोच.

धावायचं मात्र नाही, आणि हे मी ठासून सांगतोय. भरतीचे १.६ किलोमीटर पोरं हलक्या शूजवर धावतात, आणि निवड झाली की जोशात एकदम जड बूट घालून डांबरीवर पळायला सुटतात. नडगीच्या हाडाला ती सवय नसते. आधी नुसती ठणक लागते, तिकडं दुर्लक्ष केलं की हाडाला बारीक चीर जाते आणि मग आठवडेच्या आठवडे विश्रांती. बुटात धावणं सेंटरमध्ये पायरीपायरीनं शिकवतात. पुढं बूट, हत्यार, सामानासकट धावायचं आहेच. ती घाई घरी कशाला? पळणं पीटी शूजवर, चालणं बुटावर.

आता पाय. फोड वरून घासल्यामुळं येतो असं वाटतं. प्रत्यक्षात कातडी मोज्याला धरून राहते आणि आतलं हाड मागं-पुढं सरकतं. त्या ओढाताणीत कातडीचे थर आतून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरतं. पूर्ण कोरडी कातडी मोज्यावर सहज सरकते, घामानं ओलसर झालेली चिकटते. म्हणून पायाला पावडर, आणि तासा-दीड तासानं थांबून मोजे बदलणं, हे दोन उपाय महागड्या इनसोलपेक्षा जास्त कामाचे. आत पातळ नायलॉनचा मोजा आणि वर लोकरीचा घातला तर घासणं दोन मोज्यांमध्येच होतं, कातडीपर्यंत येत नाही. मोज्याची शिवण बोटांवर येणार नाही असा घालायचा आणि सुरकुती दिसली की थांबून ओढायचा, रांगेत कितीही मागं पडलास तरी.

चालताना एखादी जागा गरम लागायला लागली की तिथंच थांब. तो फोडाचा निरोप आहे. त्या जागेवर कापडी चिकटपट्टी, सुरकुती न पडता, कडा गोल कापून लाव. फोड आलाच आणि लहान असेल तर हात लावू नको. मोठा आणि दुखरा असेल तर स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं कडेला बारीक भोक पाडून पाणी काढ, पण वरची कातडी तशीच ठेव, खाली नवी येईपर्यंत तीच पट्टीचं काम करते. आपल्याकडे फोडातून सुई-दोरा ओवून दोरा आत ठेवायची पद्धत आहे. ती बंद कर, त्या दोऱ्यावरून घाण सरळ आत जाते. आजूबाजूला लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर घरी डॉक्टरकडे आणि तिकडं एमआय रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, त्याच दिवशी. रंगरूट लपवतात, कारण लाइट ड्यूटी, म्हणजे आजारपणात हलकं काम, मिळाली तर मागच्या तुकडीत टाकतील ही भीती. लपवलेला पाय सुजला की मागच्या तुकडीत जायची वेळ खरोखर येते.

बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील तर आत्ताच औषध लाव, बरं वाटलं तरी डॉक्टरनं सांगितलेले दिवस पूर्ण कर. सांगलीकडच्या उसात, काळ्या रानात, पाण्यावर काम करणाऱ्या पोरांना हा त्रास हमखास असतो आणि बुटात गेला की तो दुप्पट होतो. नखं सरळ काप, कोपरे गोल खोलवर कापू नको. निघायच्या शेवटच्या आठवड्यात बूट घालूच नको. सेंटरच्या दारात उघडी जखम घेऊन जायचं नाही.

आता पॉलिश. इथं मी जरा रमतो, सोसून घे.

सामान साधं. काळ्या मेणाच्या पॉलिशची चपटी डबी, चेरी ब्लॉसम असो की किवी. लावायचा एक ब्रश आणि चमकवायचा दुसरा, त्यांची अदलाबदल कधीच नाही. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती बनियन, पिवळं फडकं, टाकाऊ टूथब्रश, आणि डबीच्या झाकणात चमचाभर थंड पाणी. स्पंजवाली झटपट चमक आणि बाटलीतलं लिक्विड या बुटाला लावू नको. त्याचा पापुद्रा चढतो, घडीला तडकतो आणि वर मेण धरत नाही.

नाड्या काढ. ओलसर फडक्यानं बूट पूस, टूथब्रशनं तळ आणि चामड्यामधली खाच साफ कर, जीभ उचलून आत बघ. वाळू दे. मग ब्रशनं सगळीकडे पातळ थर, जिभेलाही, तळाच्या कडेलाही. पंधरा मिनिटं ठेव आणि दुसऱ्या ब्रशनं जोरात मार. नव्या बुटावर कारखान्याचा लेप असतो, त्यामुळं पहिले काही दिवस पॉलिश वरून सरकल्यासारखं वाटेल. वाटू दे. ब्लेडनं किंवा पॉलिश पेपरनं घासायचा शहाणपणा नको. संध्याकाळी रोज एक हात दिलास तर आठवड्याभरात चामडं मेण धरायला लागतं.

आरशाची चमक फक्त टोकावर आणि टाचेवर आणायची. मेणाचा थर कडक असतो, बूट जिथं वाकतो तिथं तो तडकून पांढऱ्या रेघा पडतात, म्हणून मधल्या भागाला नुसती ब्रशची चमक पुरे. चमक म्हणजे तरी काय? चामड्याची छिद्रं आणि दाणे मेणानं भरून पृष्ठभाग इतका सपाट करायचा की उजेड विखुरण्याऐवजी सरळ परत यावा. डबी संपवून हे होत नाही, थर जेवढे पातळ तेवढं बरं.

बनियनचं कापड दोन बोटांवर ताणून घे, मागं पीळ दे, बोटाच्या पेरावर एकही सुरकुती नको. पॉलिशला नुसतं टेकव, खरवडू नको. टोकावर रुपयाएवढ्या गोलात फिरव. आधी सगळं धुरकट होईल. आता त्याच कापडावर पाण्याचा एक थेंब, आणि त्याच जागी, त्याच गोलात, हलक्या हातानं. धुरकटपणा हळूहळू जातो आणि खालून काळं वर येतं. मग पुढचा थर, आधीपेक्षा पातळ. पाण्यामुळं कापड घसरतं आणि खालचा थर उचलला जात नाही, म्हणून पाणी. थुंकीनंही तेच होतं, तिच्यात जादू काही नाही. जसे थर वाढतात तसा हात हलका होत जायला हवा, शेवटी तर बोटाचं नुसतं वजन. शेवटचा हात ओल्या कापसाचा, पॉलिश न घेता. एका बैठकीत पुरं करायचा हट्ट धरू नको. रात्रभर ठेवलेला थर घट्ट होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर काम सोपं जातं.

बिघडलं तर बूट स्वतःच सांगतो. चिकट, ओघळल्यासारखं दिसलं तर पॉलिश जास्त झालं, उद्यापर्यंत हात लावू नको. दुधाळ झालं तर पाणी जास्त. गोल गोल बारीक ओरखडे दिसले तर कापडात कण आहे. यवतेश्वरच्या वरची तांबडी धूळ यात फार वाईट, फिरून आलास की आधी बूट ओल्या फडक्यानं पूस आणि पॉलिशचं कापड पिशवीत बंद ठेव.

दाणेदार चामड्याचा बूट निघाला तर आरशाचा नाद सोड. जुनी मंडळी चमचा तापवून मेणासकट दाणे दाबून सपाट करायची. आताच्या लेपाच्या चामड्यावर तसं केलंस तर डाग जळून कायमचा बसेल. आणि डबीला काडी लावायचं तर नावच काढू नको. पॉलिशमध्ये मेण पातळ करायला टर्पेंटाइनच्या जातीचं द्रावक असतं, ते भडकतं, आणि वितळलेलं पेटतं मेण हातावर सांडलं की झटकून जात नाही. शिवाय द्रावक जळून गेल्यावर उरलेलं पॉलिश खडूसारखं फुटतं. डबी कडक झाली असेल तर झाकण लावून पाच मिनिटं उन्हात ठेव, आपल्याकडच्या उन्हाला तेवढं पुरे आहे.

एकदा चमक आली की पुढं ती टिकवायचीच असते, आणि तिकडं वेळ हीच अडचण. रात्रीच्या रोलकॉलनंतर उद्याचा ड्रेस, बकल, बेडिंग, सगळं एकाच तासात. म्हणून घरी घड्याळ लावून सराव कर. पुसणं, ब्रश, टोकाला आणि टाचेला एक पातळ हात, दहा मिनिटांत दोन्ही बूट. इन्स्ट्रक्टर म्हणून मी रांगेतून फिरायचो तेव्हा टोकाकडं नंतर बघायचो, आधी मागून जायचो. पोरं टोकाचा आरसा करतात आणि टाच तशीच मातकट. तळाची कड आणि जिभेची बाजूही तशीच. लाइट इन्फंट्रीची चाल इतर पलटणींपेक्षा जलद असते, पाय भराभर उचलले जातात, मागच्याला पुढच्याची टाच सतत दिसते.

पावसात बूट भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे, तासाभरानं बदलायचे, आणि सावलीत, वाऱ्याला. चुलीपाशी किंवा तापलेल्या पत्र्यावर नाही, चामडं तडकतं. पावसाळ्यात बुरशी धरली तर स्पिरिटच्या फडक्यानं पुसून, वाळवून, मग पॉलिश.

स्टोअरमध्ये बूट इश्यू होताना रांग लांब असते, पुढचा ओरडतो, मागचा ढकलतो, आणि नवा पोरगा नंबर सांगून मिळेल तो जोड उचलून निघतो. तू तसं करू नको. मोजे घालून दोन्ही पाय घालून बघ, एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतोच, मोठ्याला बसेल तो घे. लहान वाटला तर तिथंच सरळ बोल, ‘उस्ताद, एक नंबर मोठा पाहिजे.’ त्या क्षणी फार तर एक शिवी बसेल. पुढं अदलाबदल करणं त्याहून अवघड. एवढ्यासाठीच आता घरी आपलं माप पक्कं करून ठेव. कुठला नंबर, कुठल्या मोज्यावर, उताराला बोट लागतं का, हे तुला पाठ हवं.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. जॉइनिंग लेटरबरोबर सामानाची यादी येते, ती नीट वाच. यादीत बूट असतील तर ने, नसतील तर घरीच ठेव, बॅरकमध्ये जास्तीचा जोड म्हणजे रोज रात्री पॉलिश करायला अजून एक जोड. मात्र दोन्ही ब्रश, भरलेली डबी, बनियनचे चार तुकडे, पिवळं फडकं, काळ्या नाड्यांचे दोन जास्तीचे जोड, कापडी चिकटपट्टी आणि पायाची पावडर हे वेगळ्या पिशवीत घाल. डबीवर आणि ब्रशच्या लाकडावर नाव कोरून ने, बॅरकमध्ये सगळ्यांचे ब्रश सारखेच दिसतात.